गांगुर्डे साहेबांचं स्टेक सँडविच

चार रिटायर माणसं रोज एकाच बाकावर बसली की किस्से कसे साठतात, म्हणून सांगू! फ्रीजमधल्या उरलेल्या भाज्यांच्या वाट्यांसारखे. कोणी ठेवली, कधी ठेवली, कुणाला पत्ता नाही. आणि एक काढायला हात घालावा, तर मागून आणखी चार बाहेर येतात. आमची ही म्हणते, "बाकावर तासन्‌तास बोलता, घरी विचारलं की 'काही विशेष नाही' का म्हणता?" आता तिला काय काय सांगणार!

आम्ही चौघं एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनमधले, एकाच शिफ्टचे. गांगुर्डे साहेब शिफ्ट इन-चार्ज. मूळचे सटाण्याकडचे, त्यामुळे रागावले किंवा हळवे झाले की अहिराणीत शिरतात. सलीमभाई टर्बाइनचे फोरमन, मालेगावचे. देवरे बॉयलरवर, गाव देवळा, घरी कांद्याच्या चाळी, आवाजही तसाच शेतातून हाक मारल्यासारखा. आणि मी कंट्रोल रूमच्या डेस्कवर. माझं नाव प्रकाश अहिरे, पण या तिघांनी ते कधीच मोडीत काढलंय. मला 'अलार्म' म्हणतात. लाल दिवा लागायच्या आधीच मी ओरडायचो ना, म्हणून! बरं, मग काय चुकलं? काळजी वाटते तर वाटते. काहींना शुगर असते, मला काळजी आहे.

हे सगळे किस्से गांगुर्डे साहेबांनी घरी गरमागरम स्टेक-चीज सँडविच करायचं ठरवलं, तेव्हाचे. त्या दिवसांत मी नीट जेवलेलो नाही.

* * *

सुरुवात दुधापासून झाली.

साहेब जेल रोडला फ्लॅटमध्ये एकटे राहतात. वहिनी गेल्यापासून स्वयंपाक स्वतःच करतात, आणि बरा करतात. एका सकाळी त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि आले खाली बाकावर. गप्पा चालू. देवरेचं निवडणुकीवर भाषण चालू. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून शेजारच्या काकू ओरडल्या, "गांगुर्डे भाऊ, धूर! तुमच्या खिडकीतून धूर!"

मी आयुष्यात एवढ्या वेगाने जिना चढलो नव्हतो. पातेलं काळंठिक्कर, बाजूचं फडकं धुमसतंय. सलीमभाईंनी रेग्युलेटर बंद केला, देवरेने फडकं बेसिनमध्ये टाकलं. साहेब दारात उभे राहून विचारतात, "दूध कोणी ठेवलं होतं?"

देवरेने बेसिनचा नळ सोडला.

काकूंनी मात्र बेंगळुरूला फोन लावला. तिथे साहेबांची मुलगी असते, मनीषा, आमच्यासाठी पिंकी. कॉलनीत आमच्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर. तिचा त्याच संध्याकाळी फोन. "बाबा, बास झालं. याआधी दोनदा दार उघडं टाकून गेला होतात. आता माझ्याकडे या. फ्लॅट बंद करू."

साहेब म्हणाले, "मी आठेच शे. इथेच राहणार, कुठे जाणार नाही."

मग बापलेकीत जे जुंपलं, ते आम्ही तिघांनी स्पीकरवर ऐकलं. शेवटी साहेबांनी अटच घातली. मागे पिंकीने त्यांना तिकडच्या कॅफेत एक गरम सँडविच खाऊ घातलं होतं. स्टेकचे पातळ तुकडे, वर वितळलेलं चीज. साहेबांना ते फार आवडलं होतं. म्हणाले, "तू नाशिकला ये. हॉलमध्ये बस. मी माझ्या किचनमध्ये, कोणाच्या मदतीशिवाय, तेच सँडविच करून तुला वाढतो. काही चुकलं, जळलं, उतू गेलं, तर त्याच दिवशी बॅग भरतो. नीट झालं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

 पिंकी म्हणाली, "ठीक आहे. पण काकालोकांनी लुडबुड करायची नाही."

 वरणभात म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? स्टेक!

* * *

दुसऱ्या दिवशी देवरे खिशातून लाल टॅग घेऊन आला.

हे टॅग प्रकरण सांगायला हवं. आमच्याकडे एखाद्या मशीनवर काम चालू असलं की त्याच्या स्विचला लाल टॅग बांधतात. 'हात लावू नये.' खाली बांधणाऱ्याची सही. आणि नियम एकच, ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. मग साक्षात चीफ इंजिनिअर आला तरी तो हात लावणार नाही. जिवाशी खेळ असतो. हे आमच्या इतकं अंगात मुरलंय की रिटायर होऊनसुद्धा सुटत नाही.

देवरेच्या घरचा गीझर मागे शॉक द्यायला लागला. याने बटणाला टॅग बांधला, सही केली आणि भाच्याच्या लग्नाला देवळ्याला निघून गेला. इकडे इलेक्ट्रिशियन आला, त्याने गीझर दुरुस्त केला आणि गेला. थंडी कडाक्याची. देवरेची बायको मुलाला म्हणाली, "काढ की तो लाल कागद!" मुलगाही पॉवर स्टेशनातच लागलेला. तो म्हणाला, "आई, सही बाबांची आहे. बाबा येईपर्यंत नाही." देवरे लग्नात वरातीपासून पूजेपर्यंत थांबला. घरचे तोवर थंड पाण्याने कुडकुडत आंघोळी करत होते! देवरे परत आला, तेव्हा बायकोने दार उघडलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "आधी बाथरूममध्ये जा."

तर असा तो टॅग. देवरे म्हणाला, "साहेब, पिंकी येईस्तोवर गॅसला बांधून टाकतो. डबा आमच्याकडून येईल. रिस्कच नको."

साहेबांचा चेहरा उतरला. मग त्यांनी टॅग देवरेच्या हातातून घेतला, नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. म्हणाले, "माझ्या किचनला टॅग लावायचा तर मी लावीन. दुसऱ्या कोणी नाही."

देवरे, ज्याचा आवाज कधी खाली येत नाही, तो हळूच म्हणाला, "सॉरी, साहेब."

* * *

मटण आणायला सलीमभाई, साहेब आणि मी गेलो. कॅफेत कसलं होतं देवच जाणे, साहेबांच्या घरात बोकडाशिवाय काही शिजत नाही, त्यामुळे स्टेकही बोकडाचाच.

साहेब खाटकाला म्हणाले, "रानाचं, मांडीचं बोनलेस दे. आडवं काप. कागदासारखं पातळ. धाग्याच्या उलट दिशेने."

खाटकाने सुरा खाली ठेवला. "साहेब, मटण देऊ की ऑपरेशन करू?"

मागे रांग वाढत होती. बुधवार होता, गिऱ्हाईक भरपूर. मी घामाघूम. साहेब मात्र मोबाइल काढून त्याला व्हिडिओ दाखवायला लागले. कोणी गोरा माणूस तव्यावर मांस परततोय. मागच्या बाई म्हणाल्या, "अहो काका, घरी जाऊन बघा ना पिक्चर!"

शेवटी सलीमभाई पुढे झाले. "भाई, कबाबसाठी पसंदे काढतोस ना? तसे काढ. फक्त कुटू नकोस."

"मग असं सांगा ना!" म्हणत खाटकाने झपाझप काप काढून दिले.

बाहेर आल्यावर साहेब चिडले. "तुम्ही मध्ये का बोललात? मला जमलं असतं."

सलीमभाई म्हणाले, "जमलं असतं साहेब, पण त्या बाईने आपल्याला मारलं असतं!"

साहेब हसले. तेवढ्यात डाव्या हाताला वळायचं सोडून उजव्या हाताला चालायला लागले. पुढे थोडं जाऊन थांबले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "जरा पाय मोकळे करत होतो."

आम्ही दोघंही म्हणालो, "हो हो, बरं केलं." मला त्या रात्री ॲसिडिटी झाली.

* * *

पहिल्या ट्रायलला मटण चामड्यासारखं झालं.

तव्यावर कांदा, सिमला मिरची, मिरपूड, वर मटणाचे काप, वर चीज स्लाइस. सगळं व्हिडिओसारखं. ब्रेडला बटर, मग चिमट्याच्या टोस्टरमध्ये दाबून गॅसवर. वास असा की शेजारच्या काकूही दारात येऊन उभ्या राहिल्या. देवरेने पहिला मोठा घास घेतला, जोरात ओढला, आणि सँडविचबरोबर त्याची वरची कवळीच बाहेर आली!

चीजच्या तारेला लटकलेली कवळी. काकू "अगं बाई!" म्हणत आत पळाल्या.

देवरे बोळक्या तोंडाने म्हणाला, "फव फान आहे!"

खूप हसलो. साहेब तर डोळे पुसत होते. मग सलीमभाईंनी उपाय सांगितला, सकाळीच कच्च्या पपईचा गर चोळून फ्रीजमध्ये ठेवायचं, मालेगावला कबाबला तसंच करतात. साहेबांनी लगेच तेच परत म्हटलं, "सकाळीच पपई चोळतो. फ्रीजमध्ये ठेवतो."

ही आमच्या कंट्रोल रूमची पद्धत. एकाने फोनवर सूचना दिली की दुसऱ्याने तीच परत म्हणायची, मग करायची, मग केलं म्हणून सांगायचं. "व्हॉल्व्ह उघडा." "व्हॉल्व्ह उघडतो." "व्हॉल्व्ह उघडला." चुकायला जागाच नको.

आणि साहेबांनी तिथेच युक्ती काढली. "किचनमध्ये मी स्वतःलाच ऑर्डर देईन. स्वतःच परत म्हणेन."

मला तर वाटलं, सुटलो एकदाचे!

* * *

दुसऱ्या ट्रायलला आम्ही हॉलमध्ये. आतून साहेबांचा खणखणीत आवाज, अगदी जुना शिफ्टमधला.

"कांदा टाका. कांदा टाकतो. कांदा टाकला."

"मीठ टाका. मीठ टाकतो. मीठ टाकलं."

देवरे माझ्या मांडीवर थाप मारून कुजबुजला, "बघ! गाडी रुळावर आली!"

तेवढ्यात बेल वाजली. इस्त्रीवाला. साहेब बाहेर आले, कपडे घेतले, त्याच्या मुलीच्या दहावीची चौकशी केली, आत गेले. आम्ही कान टवकारून बसलो. आत शांतता. मग आवाज आला.

"कांदा... कांदा टाकलाय. मीठ टाका. मीठ टाकतो. मीठ टाकलं."

मी उठलो. सलीमभाईंनी माझा हात धरून खाली बसवलं. लुडबुड करायची नाही, असं ठरलं होतं.

मग फोन वाजला. कुठल्या तरी लोनवाल्याचा. साहेबांनी त्याला झाडला, आत गेले, आणि तिसऱ्यांदा मीठ टाकलं.

सँडविच समोर आलं. मटण काय लुसलुशीत झालं होतं! पपईने कमाल केली होती. आणि खारट म्हणजे असं खारट की माझे कान गरम झाले. साहेब आमच्या तोंडाकडे बघत उभे.

देवरे म्हणाला, "एक नंबर."

सलीमभाई म्हणाले, "माशाअल्ला, टेस्ट आलीय."

मी नुसतीच मान डोलावली. बोललो असतो तर आधी पाणी मागितलं असतं.

मग साहेबांनी स्वतः घास घेतला. चावला. गिळला. आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. म्हणाले, "शिफ्टमध्ये कोणी असं खोटं रीडिंग दिलं असतं, तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं."

मी पाण्याचा ग्लास उचलला.

"तुम्हीसुद्धा खोटं बोलायला लागलात, म्हणजे मी खूपच बिघडलोय." असं म्हणून ते ताटल्या उचलून आत गेले. मला रडूच फुटणार होतं, खरं सांगतो. इतकी वर्षं ज्यांच्या एका हाकेवर आम्ही धावलो, तो माणूस बेसिनपाशी पाठ करून उभा होता आणि कितीतरी वेळ एकच ताटली धूत होता.

* * *

त्यात पिंकीने तिकीट काढलं ते नेमकं मंगळवारचं, आणि त्या मंगळवारी अंगारकी!

साहेबांनी तिला फोन केला. "अंगारकीला माझ्या घरात मटण शिजणार नाही. बुधवारी करू."

तिकडून पिंकी म्हणाली, "बाबा, अंगारकी बरोब्बर लक्षात राहते तुमच्या. गॅस नाही राहत."

साहेब म्हणाले, "अंगारकी कॅलेंडरवर छापून येते, बाई. माझा गॅस कोण छापणार?"

दोघंही हसले. मग साहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. फोन चालूच. मला कळेना, आपण उठून जावं की बसावं.

देवरेला मात्र यातूनच आयडिया सुचली. म्हणाला, "साहेब, कानात ब्लूटूथ घाला. टोपी घाला. अलार्म खालून एकेक स्टेप सांगेल. पिंकीला काय कळतंय!" मी तर तयारही झालो होतो, सगळ्या स्टेप मला पाठ होत्या. अजून आहेत.

साहेबांनी एका वाक्यात निकाल लावला. "अहिरे, तू खालून बोललास, तर युनिट तू चालवतोयस. मी नाही."

त्यांनी मला 'अलार्म' न म्हणता अहिरे म्हटलं, तेव्हाच मी ओळखलं, विषय संपला.

* * *

बुधवारी आम्ही तिघं बिल्डिंगखालच्या बाकावर. वर पिंकी हॉलमध्ये, साहेब किचनमध्ये. किचनची खिडकी बाकावरून दिसते. आमच्या माना वर, अगदी पतंग बघणाऱ्या पोरांसारख्या.

एक्झॉस्ट फॅन सुरू झाला. देवरे म्हणाला, "कांदा पडला." थोड्या वेळाने म्हणाला, "मटण पडलं." वास खाली येत होता. मी वास घेत होतो तो फक्त जळका येतोय का, एवढ्याचसाठी. सलीमभाईंचे ओठ हलत होते. 

कुरिअरवाला आला. आमच्यासमोरून जिन्यात शिरला. देवरे उठून ओरडला, "ए भाऊ! कुठे? कितवा मजला?"

"गांगुर्डे."

"आत्ता नको! संध्याकाळी ये! उद्या ये!"

पण तो पोचला होता. वरून बेल ऐकू आली. मी डोळे मिटून घेतले. झालं, म्हटलं. आता दुसऱ्यांदा मीठ.

मग बराच वेळ काही नाही. मग खिडकीत पिंकी आली. तिचा चेहरा काही कळेना. "काका, तिघंही वर या."

 जिना चढताना देवरे म्हणाला, "मी तिच्या पाया पडेन. म्हणेन, अजून एक चान्स दे."

वर टेबलावर सगळ्यांसाठी सँडविचेस. कडेने बाहेर आलेलं सोनेरी चीज, ब्रेडवर टोस्टरच्या खमंग रेघा. मी आधी किचनमध्ये डोकावलो. सवय! गॅस बंद, रेग्युलेटर बंद, ओटा लख्ख.

घास घेतला. काय सांगू! मीठ बरोबर, मटण मऊ, मिरपुडीचा ठसका मागून येणारा. देवरेने या खेपेला कवळी धरून खाल्लं. सलीमभाईंचे डोळे भरून आले, म्हणाले, "साहेब, आता खरं रीडिंग देतोय. एक नंबर."

पिंकीने तिची ताटली पुसून खाल्ली. म्हणाली, "कॅफेपेक्षा भारी. काका, मध्ये बेल वाजली ना, तर बाबा जागचे हललेसुद्धा नाहीत! मीच पार्सल घेतलं. एवढं लक्ष! मी हरले, बाबा. राहा तुम्ही इथेच. मी पुन्हा विषय नाही काढणार."

देवरेने अशी शिट्टी मारली की काकू पुन्हा दारात. मी खुर्चीत बसलो आणि उरलेला घास तोंडात टाकला. सुटलो!

साहेब हसले. हात पुसत गॅलरीत आले, मला खुणेने बोलावलं. समोर लांब एकलहऱ्याच्या चिमण्या दिसत होत्या. हळूच म्हणाले, "अलार्म, पिंकी म्हणते बेल वाजली. खरंच वाजली?"

"वाजली ना साहेब. कुरिअरवाला. आम्ही खालून ऐकली."

"असं," ते म्हणाले. "असं."

मग ते किचनमध्ये गेले. आम्हाला वाटलं, चहा ठेवतायत. त्यांनी खिशातून तो लाल टॅग काढला, घडी उलगडली, पेनाने खाली सही केली आणि रेग्युलेटरला सुतळीने बांधला. गाठ ओढून पाहिली.

देवरे ओरडलाच, "साहेब! अहो, पास झालात ना तुम्ही!"

"म्हणूनच," साहेब म्हणाले. "चार्ज द्यायचा तर युनिट चालू असताना द्यावा."

शिफ्ट बदलताना चार्ज सोपवायला आम्ही एकमेकांसमोर उभे राहायचो, तसे ते पिंकीसमोर ताठ उभे राहिले. "चार्ज दिला."

पिंकी कॉलनीतली पोर. लहानपणी बापाचा डबा घेऊन गेटवर यायची, तिथे तिने हे कितीदा ऐकलेलं.  तीही ताठ उभी राहिली. "चार्ज घेतला, बाबा."

साहेब आता बेंगळुरूला. फ्लॅटची चावी माझ्याकडे असते. आठवड्यातून एकदा आम्ही तिघं जातो, खिडक्या उघडतो, कुंड्यांना पाणी घालतो. परवा चांगलाच गारठा होता. सलीमभाई म्हणाले, "इथेच जरा चहा टाकू या का? साखर आहे, पत्ती आहे, दूध खालून आणतो."

देवरेने पातेलंसुद्धा काढलं. मग आम्ही तिघांनी रेग्युलेटरकडे पाहिलं.

देवरेने पातेलं जागेवर ठेवलं. मी टपरीवाल्याला फोन केला आणि तीन चहा वर मागवले.